चार बोटं हवा

सोमवार. दुपारी अडीच. एकोणचाळीस.

आकडा दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलेला होता. त्याच्या वर आदल्या आठवड्याचे आकडे होते: अडतीस, अडतीस, साडेअडतीस. खाली दार रिकामं होतं. रविवारपर्यंत त्या रिकाम्या जागेत आणखी सहा आकडे मावायचे होते.

जयवंत परबने खडू खिडकीत ठेवला आणि सदरा काढला. सदरा पाठीला चिकटला होता, तो सालीसारखा निघाला.

खोली चिंचपोकळीच्या चाळीतली, तिसऱ्या मजल्यावरची, शेवटची. तिच्यावर फक्त पत्रा. पूर्वी कौलं होती. ती गळायला लागली तेव्हा सगळ्यांनी मिळून पत्रे घातले. पाणी थांबलं आणि ऊन आत आलं. चाळीत दुसऱ्या मजल्यापर्यंत मे महिना असतो. तिसऱ्यावर तवा असतो.

खाटेवर जाईबाई उताण्या पडल्या होत्या. जयवंतची आई, वय एक्याऐंशी. छातीवर ओला पंचा. पंचा पाऊण तासात वाळायचा, मग तो पुन्हा भिजवायचा. वर पंखा फिरत होता आणि पत्र्याखालची हवा ढवळून त्यांच्या अंगावर ओतत होता. उशाशी खिळ्याला थर्मामीटर टांगलेला. शिवडीच्या ज्या औषधांच्या गोदामात जयवंत पॅकिंगला होता, तिथे तो मागची पट्टी तुटली म्हणून टाकून दिला होता. जयवंतने उचलून आणला.

"किती रे?" जाईबाईंनी डोळे न उघडता विचारलं.

"एकोणचाळीस."

"कोणाक ताप इलो?"

"खोलीला."

"मगे खोलीकच ने डाक्तराकडे."

.

दर्शनाचा निरोप. फोनवर बोलून पाठवलेला. जयवंतने तो भांडी घासायच्या मोरीजवळ उभं राहून ऐकला.

"दादा, मी रविवारी दुपारी येते. रिकामी बॅग आणते. आईची लुगडी तेवढी काढून ठेवायला सांग वहिनीला. गेल्या वर्षीसारखं परत नको. तांदूळ निवडता निवडता कोसळली, चार दिवस हॉस्पिटलात. डॉक्टर काय म्हणाले होते, 'त्या खोलीत पुढचा मे काढायचा नाही.' तुझ्यासमोर म्हणाले होते. बदलापूरला निदान डोक्यावर स्लॅब आहे. आणि तिला आत्ता सांगू नकोस हां, आठवडाभर तोंड पाडून बसेल. ठेवते."

दहा बाय बाराच्या खोलीत मोरीजवळ ऐकलेलं खाटेवर ऐकू जात नाही असं जयवंतला अजूनही वाटत असे.

"माका खंय जावचा नाय," जाईबाई म्हणाल्या. "मागच्या खेपेक पंधरा दीस रवलंय थंय. दार बंद, शेजारणीचा दार बंद. शेवटाक भिंत माझ्याशी बोलाक लागली. आणि बोलता काय, तर दर्शनासारखीच बोलता."

जयवंत हसला. जाईबाई हसल्या नाहीत.

"मेलंय तर हयसरच मरतलंय," त्या म्हणाल्या, आणि पंचा पुढे केला. "भिजव."

.

मंगळवार. अडीच. साडेएकोणचाळीस.

सकाळी गोदामात जयवंत इंजेक्शनं भरत होता. थर्माकोलचा डबा, तळाला गोठवलेल्या जेलच्या पिशव्या, मध्ये इंजेक्शनं, वर पुन्हा पिशव्या, झाकण, चिकटपट्टी. असे डबे तो सहा वर्षं भरत होता. डबा टेम्पोत चढायचा, टेम्पो उन्हातून नागपूरला जायचा, आणि तिथे झाकण उघडलं की आत गारवा.

चिकटपट्टी ओढता ओढता त्याचा हात थांबला. थर्माकोल हे आपलं सामान आहे ही गोष्ट तो आठ वर्षांत विसरला होता. म्हणजे विसरायचं ठरवलं होतं.

घरी आल्यावर तो जेवला नाही. घोडा, म्हणजे घडीची शिडी, उघडला आणि पोटमाळ्यावर चढला.

.

पोटमाळ्यावर होतं ते: दोन इंची कोरे ताव सतरा, कडा उंदरांनी कुरतडलेले. तार तापवून थर्माकोल कापायचं कटर एक, त्याचा ट्रान्सफॉर्मर गंजलेला, पण चालू. पॉलिश पेपर. सोनेरी रंगाचे डबे, आत रंग वाळून दगड. मोरपिसाचे साचे, कमळाचे साचे. आणि चादरीत गुंडाळलेल्या मखराच्या महिरपी एकतीस, बारीक जाळीकामाच्या. दोन हजार अठराला एका मंडळाने बत्तीस सांगितल्या होत्या. एकतीस झाल्या आणि थर्माकोलवर बंदी आली. बत्तिसावी झालीच नाही. मंडळाने कापडाची सजावट केली. आणखी एक महिरप वेगळी, जुन्या साडीत: नमुन्याची. गिऱ्हाइकाला दाखवायची. पंधरा वर्षं तीच दाखवली. तिच्यावर वेलीची इतकी बारीक जाळी होती की मागे बल्ब लावला की समोरच्या भिंतीवर वेल चढायची.

बंदी उठेल म्हणून हे सगळं ठेवलं होतं. सुरुची, त्याची बायको, दर दिवाळीला म्हणायची, काढून टाका. तो म्हणायचा, बघू.

.

बुधवार. अडीच. एकोणचाळीस.

सुरुची शिवाजी पार्कला एका निवृत्त प्रोफेसरांकडे स्वयंपाक करायची. साडेबाराला घरी यायची. आज ती आली तर खोलीभर पांढरे दाणे उडत होते, सासूच्या केसांत दाणे, आमटीच्या झाकणावर दाणे, आणि नवरा उघडाबंब घोड्यावर.

"हे काय मांडलंय?"

"गोदामात सांगून आलोय. शनिवारपर्यंत लवकर सुटतोय."

"मी ते नाही विचारलं."

"छताला आतून थर्माकोल. ऊन वरच राहील."

सुरुचीने वर पाहिलं. मग पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि घोडा धरला. "हलतोय. पडलात तर दोघांना मी कुठे घेऊन जाऊ?"

पत्र्याखाली काम करणं म्हणजे काय, ते डोकं वर गेल्याशिवाय कळत नाही. खाटेशी एकोणचाळीस. घोड्याच्या शेवटच्या पायरीवर किती, ते थर्मामीटर नेऊन पाहायला जयवंत धजला नाही. घाम भुवईतून डोळ्यात उतरायचा. हात वर धरून धरून खांद्यातलं रक्त उतरायचं, बोटांना मुंग्या यायच्या. हातोडी तापायची. तोंडात धरलेले खिळे कोमट लागायचे. दहा मिनिटं वर, दहा मिनिटं खाली, जमिनीवर पाठ टेकून. फरशीवर त्याच्या पाठीचा ओला ठसा उमटायचा आणि तो उठायच्या आत कडेने वाळायला लागायचा.

पण हात सगळं विसरले नव्हते. थर्माकोल पत्र्याला टेकवायचं नाही, एवढं त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. मखरात बल्ब जवळ आला की थर्माकोल आक्रसतं, आत वाकतं, म्हाताऱ्या ओठांसारखं. म्हणून बल्बपासून चार बोटं. पत्र्यापासूनही चार बोटं. वाशांना त्याने आडव्या पट्ट्या मारल्या आणि त्यांना खालून ताव ठोकले. खिळ्याने ताव फाटू नये म्हणून प्रत्येक खिळ्याखाली सोडा-बाटलीचं चपटं केलेलं बूच. बुचं सुरुचीने नाक्यावरच्या पानवाल्याकडून आणली.

"काय सांगितलंस त्याला?" जयवंतने वरून विचारलं.

"सांगितलं, नवऱ्याला लागतात. तो म्हणाला, एवढी?"

.

संध्याकाळी शामराव आले. शेजारच्या खोलीतले, चाळ कमिटीचे, रेल्वेतून निवृत्त. दारात उभे राहून त्यांनी छत पाहिलं. त्यांच्या घरी सलग बारा गणपती जयवंतच्या मखरात बसले होते.

"बंदी आहे ना रे ह्याच्यावर?"

"मखराला आहे. हे डोक्यावर घेतोय."

"पेटतं हे. खाली गॅस आहे तुझा."

"गॅसच्या वर नाही लावत. तेवढ्या जागी सिमेंटची शीट लावतोय. वायरीही बाहेरून घेतल्यात."

शामराव गेले आणि वाळूने भरलेली लाल बादली घेऊन आले. तिच्यावर रेल्वेचा शिक्का होता. ती त्यांनी स्वतःच्या हाताने दारामागे, खडूच्या आकड्यांच्या शेजारी टांगली.

"शिक्का बघू नकोस," ते म्हणाले. "आणि जाईबाई, ह्या पोराचं ऐकू नका. हा बाप्पाला बसवायचा त्यात तुम्हाला बसवतोय."

"बसवू दे," जाईबाई म्हणाल्या. "फक्त अकराव्या दिसाक विसर्जन करू नुको म्हणा."

.

गुरुवार. अडीच. साडेसदतीस.

कोरे ताव संपले. अर्धं छत पांढरं, अर्धा पत्रा. मोरीकडच्या अर्ध्यातून धग अजून खाली येत होती.

जयवंतने महिरपी सोडल्या.

महिरपीत थर्माकोल कमी आणि भोकं जास्त. एका एका महिरपीत दीडशे, दोनशे. कारागिरी ती हीच: किती काढून टाकता येतं आणि तरी उभं राहतं. भोकांतून ऊन येणार. म्हणून भोकं बुजवायची.

तो खाली बसला. डाव्या हाताला महिरप, उजव्या हाताला तुकड्यांचा ढीग. डोळ्याने भोक मोजायचं, ब्लेडने तुकडा छिलायचा, कडेला फेविकॉल, आत दाबायचा, पॉलिश पेपर फिरवायचा. पाकळी बुजली. देठ बुजला. मोराचा डोळा बुजला. दुपारी सुरुची शेजारी बसली, तिने न विचारता एक महिरप ओढली.

"हे तुम्ही कधी केलं होतं?"

"तेव्हाच. बंदी आली त्या वर्षी."

"तेव्हा दिवस दिवस आत बसायचात भोकं पाडत. मी म्हणायचे, डोळे जातील."

"गेले ना."

"मग आता बुजवा."

ती ते टोचून म्हणाली नव्हती. जयवंतनेही ते तसं घेतलं नाही. दोघं संध्याकाळपर्यंत बसली. अकरा महिरपी झाल्या. नमुन्याची महिरप जुन्या साडीत तशीच होती. सुरुचीने तिच्याकडे पाहिलं, जयवंतने दुसरीकडे.

.

शुक्रवार. अडीच. छत्तीस.

जाईबाई उठून बसल्या. दुपारी बसल्या. मार्चनंतर पहिल्यांदा. सुरुचीकडे त्यांनी तांदळाचं सूप मागितलं आणि निवडायला घेतलं. गेल्या वर्षी त्या तांदूळ निवडतानाच पडल्या होत्या, म्हणून सुरुची तिथून हलली नाही.

"अगो, बघतंस काय? खडे बघ."

.

शनिवार. अडीच. पस्तीस.

शेवटची महिरप दुपारी एकला ठोकली. जयवंत खाली उतरला, दिवे घालवले, दार लावलं आणि खोलीच्या मधोमध उभा राहून वर पाहिलं.

मखर पूर्ण झालं की हेच करायचं. दिवा घालवायचा, मागे उजेड धरायचा, आणि पुढून बघायचं, कुठे उजेड गळतोय का. सांध्यातून रेघ दिसली तर मखर परत. अशा एका रेघेपायी त्याच्या उस्तादाने त्याला भर बाजारात कानफटवलं होतं, पहिल्या वर्षी.

सगळं छत काळं होतं. फक्त मोरीच्या वरच्या कोपऱ्यात, पत्रा जिथे भिंतीला मिळतो तिथे, उजेडाची एक पट्टी. वीतभर लांब.

जयवंतने विचार केला नाही. विचार करायची ती गोष्टच नव्हती. घोडा सरकवला, चढला, तुकडा मापाने कापला, कडांना फेविकॉल लावला आणि पट्टी बंद केली. वरून चिकटपट्टी, गोदामातल्यासारखी, ओढून, ताणून. पुन्हा खाली उतरून पाहिलं. कुठेही उजेड नाही. चार दिवसांत पहिल्यांदा त्याला आपल्या पाठीचं दुखणं बरं वाटलं.

दारावर त्याने आकडा लिहिला. पस्तीस. खाली रेघ मारली.

.

सात वाजता सुरुचीने भाकऱ्या टाकल्या. एका शेगडीवर तवा, दुसरीवर कुळथाची पिठी. चौथ्या भाकरीला तिने कपाळ पुसलं. सहाव्या भाकरीला दाराबाहेर जाऊन आली. खिडकीतून वारा नव्हताच, मे महिन्यात चाळीला वारा कुठला. वाफ वर जात होती, छताला टेकत होती आणि खाली येत होती. छताच्या पांढऱ्यावर बारीक थेंब धरले होते. एक थेंब तव्यावर पडला, चर्र झाला.

"अहो, आईंकडे बघा."

जाईबाई बसल्या होत्या. तोंड उघडं, जीभ बाहेर, मान पुढे. श्वास घेत होत्या तो वरवरचा, आवाज करणारा. अंगावर घाम, पण हात गार. थर्मामीटर साडेसदतीस. जयवंतने त्यांना उचललं. त्यांचं वजन एका महिरपीच्या डब्याइतकं लागलं. गॅलरीत शामरावांनी स्वतःची खाट रिकामी केली. सुरुचीने पाय वर धरले, ओल्या फडक्याने काखा पुसल्या, मीठ-साखरेचं पाणी चमच्याने. दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाई वर आल्या, नाडी धरून बसल्या. पाच मिनिटं. दहा. मग जाईबाईंना ओकारी झाली आणि त्यानंतर श्वास खाली उतरला.

"आता बरं आहे," नर्सबाई म्हणाल्या. "पण आत नेऊ नका."

जयवंत दारात उभा होता. आतली वाफ दारातून बाहेर येत त्याच्या पोटऱ्यांना लागत होती.

"तिथे झरोका होता," सुरुची म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मोरीच्या वर. लग्न होऊन आले तेव्हापासून माझ्या भाकरीची वाफ तिथून जाते."

"उजेड येत होता."

"उजेड येतो म्हणून बंद केला?"

जयवंतने मान हलवली.

"तुमच्या त्या डब्यात इंजेक्शनं असतात," सुरुची म्हणाली. "ती श्वास घेत नाहीत. भाकऱ्याही करत नाहीत."

फोन वाजला. दर्शना. जयवंतने तो वाजू दिला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा शामरावांनी त्याच्या हातातून घेतला. "शामराव बोलतोय. हो, जाईबाई आहेत ना. खाटेवर आहेत, बाहेर, गप्पा मारतोय आम्ही. ये उद्या." फोन परत देताना म्हणाले, "खोटं नाही बोललो. खाटेवरच आहेत."

.

रविवार. सकाळी सहा. बत्तीस.

जाईबाई गॅलरीत झोपल्या होत्या. जयवंत घोड्यावर चढला. चिकटपट्टी ओढली, तुकडा काढला. उजेड आला आणि त्याबरोबर रात्रभरची कोंदट हवा डोक्यावरून सरकत बाहेर जाताना त्याला केसांत जाणवली.

झरोका वीतभरच. पुरणार नव्हता. त्याने कटरची तार तापवली आणि झरोक्याला लागून, शेगडीच्या बाजूला, काल ठोकलेल्या महिरपीत हातभर लांब खिडकी कापली. कापलेला तुकडा खाली पडला. मग त्याला ती नुसती चौकोनी खिडकी बघवेना. उरलेल्या कडेच्या पट्टीत त्याने तारेने पाकळ्या काढल्या. आठ. वीस मिनिटं लागली. कशाला, असं सुरुचीने विचारलं नाही. ती चहा टाकत होती, आणि चहाची वाफ वर जाऊन पाकळ्यांतून बाहेर पडताना दोघांनी पाहिली.

.

दर्शना दीडला आली. पन्नाशीची, उन्हाने चेहरा लाल, ब्लाउज पाठीवर काळा पडलेला. हातात मोठी रिकामी बॅग. जिने चढून धाप लागलेली. दारातच म्हणाली, "लुगडी काढलीस का वहिनी? चारची गाडी बरी पडेल." मग आत आली. वर पाहिलं. दाराकडे पाहिलं, खडूच्या आकड्यांकडे, लाल बादलीकडे. हाताने स्वतःचा दंड चाचपला, जसं काही तिथलं ऊन कुठे गेलं ते बघत होती.

"बस," जाईबाई खाटेवरून म्हणाल्या. सकाळी त्यांना आत आणलं होतं. काल रात्रीचं कोणी काही बोलायचं नाही असं ठरलं नव्हतं. तरी कोणी बोललं नाही. फक्त त्यांचा आवाज बसलेला होता आणि दर्शनाला तो कळला.

"आई, आवाज काय झालाय? दादा, खरं सांग."

जयवंतने सांगितलं. झरोका, भाकऱ्या, वाफ, सगळं. स्वतःची चूकही लपवली नाही. दर्शना ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मग मी तिला नेतेच."

"पाणी पी आधी," सुरुची म्हणाली.

दर्शना पाणी प्यायली, पाय पसरून भिंतीला टेकली. "पाच मिनिटं बसते. मग भरू." खाटेखालच्या फरशीवर ती आडवी झाली, हाताची उशी करून. पंखा फिरत होता. मोरीवरच्या पाकळ्यांतून उजेडाचे आठ डाग भिंतीवर पडले होते आणि हळूहळू खाली सरकत होते. दर्शनाचं तोंड थोडं उघडलं. ती घोरायला लागली.

अडीच वाजले. थर्मामीटर चौतीस. चार वाजले. सुरुचीने चहा टाकला, पाणी उकळलं, वाफ गेली.

"उठवू?" जयवंतने विचारलं.

"खबरदार," जाईबाई म्हणाल्या. त्या कुशीवर वळून खाली लेकीकडे बघत होत्या. "कधी निजलली कोणाक ठावक. गळ्याखाली बघ, केवढा घामोळा इलाहा."

.

साडेपाचला दर्शना उठली. गालावर फरशीच्या सांध्याची रेघ उमटली होती. ती बसून राहिली. बॅग तिच्या पायाशी, रिकामी, चेन उघडी.

"आमचाही वरचाच मजला," ती म्हणाली. कोणाकडे बघून नाही. "स्लॅब दिवसभर तापते आणि रात्रभर सोडते. पहाटे तीनला डोळा लागतो. मी आईला सांगितलं नव्हतं. म्हटलं, तरी पत्र्यापेक्षा बरं."

जाईबाईंनी खाटेच्या कडेवरून हात खाली सोडला आणि तिच्या डोक्यावर ठेवला, थोपटलं नाही, नुसता ठेवला.

"दादा, उरलंय का रे काही?"

जयवंतने घोडा उघडला. पोटमाळ्यावर जुन्या साडीत एकच गोष्ट उरली होती. ती त्याने खाली आणली, साडी सोडली. वेलीची जाळी. पांढरी, एकही दाणा न सुटलेली.

"किती बाय किती तुझी खोली?"

"दहा बाय दहा."

"एवढ्याने कोपरासुद्धा होणार नाही. पुढच्या रविवारी मी येतो, गोदामातले फुटके डबे घेऊन. डबे मिळतात. हे आधी खिडकीच्या वर लाव, जिथे डोकं असतं तुझं. भोकं बुजवून घे. झरोका असेल तो सोड."

"ही नमुन्याची ना?" दर्शनाने विचारलं. "हिच्यामागे बल्ब लावायचास, वेल चढायची."

"बॅगेत नाही मावणार," सुरुची म्हणाली.

जयवंतने महिरप गुडघ्यावर धरली आणि मधोमध मोडली. आवाज फारसा झाला नाही. मग दोन्ही अर्धी पुन्हा एकेकदा मोडली. चारही तुकडे बॅगेत उभे राहिले. चेन लागली.

पांढरे दाणे खोलीभर उडाले होते. जाईबाई लुगड्यावरचे एक एक करून वेचत बसल्या, तांदळातल्या खड्यांसारखे.